फुलीकडची बाजू

१

सुतार एक वेळ चष्मा विसरेल, घराची किल्ली विसरेल, जेवायचंही विसरेल, पण गुण्या विसरायचा नाही. शर्टाच्या डाव्या खिशात तो सदानकदा असायचा. नेहमीच्या काटकोनी गुण्यासारखं नव्हतं ते, मुठीत मावेल एवढंच हत्यार. एक पितळी ठोकळा, त्यातून मागेपुढे सरकणारी पोलादी पट्टी, पट्टी घट्ट करायला स्क्रू आणि पट्टीच्या टोकाला रेघ ओढायची सुई. माप घ्यायचं, स्क्रू आवळायचा, ठोकळा फळीच्या कडेला टेकवायचा आणि ओढत न्यायचा. रेघ कशी सरळसोट उमटायची.

त्या सुईचं टोक कधीतरी टवका उडून दुभंगलं होतं. त्यामुळे सुताराची रेघ एक नसायची, दोन असायच्या, केसाएवढ्या अंतराने. दहा सुतारांच्या कामात त्याची जोडरेघ ओळखू यायची. "नवी सुई बसवायला काय धाड भरलीय तुला?" असं ताई वर्षातून दोनदा विचारायची आणि तो वर्षातून दोनदा "बघू" म्हणायचा.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता, तेव्हापासून तिनेच त्याला वाढवला. दोघांचीही लग्नं राहून गेली, ती राहून गेली याचं दोघांनाही फारसं वाटलं नाही. पुढे कारखाना, मागे राहायची एक मोठी खोली. तो कापायचा, जोडायचा. ती घासायची आणि पॉलिश मारायची. आता चौसष्टाव्या वर्षी कंबर धरली होती तिची, पण हात तसाच होता. त्याला जगात ती एकटीच होती. हे त्याने तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं, दाखवलं असतं तर तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

कारखान्यात एकच कायदा होता, आणि तो ताईचा होता. वीस वर्षांपूर्वी सुताराने एका दाराची फळी रेघेच्या चुकीच्या बाजूने कापली होती. टाकायचा तुकडा राहिला आणि ठेवायचा गेला. तेव्हापासून रेघ ओढली की टाकायच्या बाजूवर पेन्सिलने फुली मारायची. फुलीशिवाय करवतीला हात लावायचा नाही. फुलीकडचं गेलं, कोऱ्या बाजूचं राहिलं, इतकं सोपं.

त्या सोमवारी वाचनालयाच्या कपाटांचं काम चालू होतं. सुताराने एक फळी रंधून गुळगुळीत केली, वाकून तिच्यावरचा भुसा फुंकला आणि प्यायला पाणी आणायला मागे गेला. परत येऊन बघतो तर फळीवर रेघ होती. जोडरेघ. आणि उजव्या अंगाला फुली.

तो जरा वेळ बघत राहिला. मग त्याने गुण्या काढून ताडून पाहिलं. माप बरोबर होतं. त्याला हवी होती तिथेच रेघ होती.

"ताई, तू आखलीस ही फळी?"

"मी कशाला तुझ्या कामात नाक खुपसू?"

म्हणजे आपणच आखली आणि विसरलो, असं त्याने ठरवलं. पण रेघेवरून रंधा फिरला की रेघ उरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि रंधा तर त्याने नुकताच खाली ठेवला होता. त्याने फळी कापली. इतका बिनचूक सांधा त्या महिन्यात दुसरा बसला नव्हता.

२

मंगळवारी ती भिंतीवरच्या फळीवर दिसली.

ताईच्या पॉलिशच्या डब्यांची ती फळी. सात डबे होते तिच्यावर. चौथ्या आणि पाचव्या डब्याच्या मधोमध जोडरेघ होती आणि तिच्या पुढे बारीक फुली. सुताराला हसूच आलं. म्हातारपण आलं बहुतेक, म्हणाला स्वतःशी, आता झोपेत घरातलं सामान कापायला काढतोय आपण.

चहा झाल्यावर वर बघितलं तेव्हा फळी रेघेपाशी संपली होती. तिच्यावर चार डबे होते.

त्याने खाली बघितलं. डबे पडले नव्हते, सांडलं नव्हतं, आवाजही झाला नव्हता. त्याने गुडघे टेकून फरशीवर हात फिरवला. भुसा नव्हता. चिमूटभरही नाही. करवत चालली की भुसा पडतोच, त्याला जगात कोणी चुकवू शकत नाही. मग स्टुलावर चढून त्याने फळीचं टोक पाहिलं. काप अगदी सरळ होता, पण ताजा नव्हता. त्याच्यावर जुनी धूळ बसली होती, पॉलिशचे वाळलेले ओघळ होते. वर्षानुवर्षं ती फळी तेवढीच असल्यासारखे.

"ताई, यावरचे तीन डबे कुठे गेले?"

"कुठले तीन?"

"सात होते ना?"

"चारच तर आहेत पहिल्यापासून." ती खाली मान घालून घासत होती. "आणि तू तिथे चढून काय करतोयस? पडलास तर मला उचलवायचा नाहीस हं, आधीच सांगते."

 ताई थट्टा करायची, पण पॉलिशच्या डब्यांची नाही.

३

कारखान्याला लागून शिंप्याचं दुकान होतं. मध्ये फक्त फळ्यांची आडभिंत. रोज सकाळी दुकान उघडलं की शिंपी आपल्या लाकडी पट्टीने भिंतीवर दोनदा ठकठक करायचा.

"आहेस का रे?"

"नसून जातो कुठे? तुझी कापडाची उधळपट्टी बघायला थांबलोय."

गेली अठरा वर्षं दिवसाची सुरुवात याच दोन वाक्यांनी व्हायची. बुधवारीही झाली. मग सुतार पटाशी घ्यायला आडभिंतीकडे गेला आणि त्याचा हात तिथेच थांबला. भिंतीच्या कडेने, छतापासून जमिनीपर्यंत, जोडरेघ गेली होती. फुली शिंप्याच्या बाजूला होती.

त्याने अंगठा ओला केला. फुली पेन्सिलचीच होती, पुसली गेली असती. तेवढ्यात वाचनालयाच्या बाई कपाटं बघायला आल्या. त्यांना कप्प्यांची उंची कमी वाटत होती, त्या तासभर बोलल्या. सुतार मान डोलवत राहिला. शिंप्याला हाक मारून सांगावं, असं एकदा वाटलं त्याला. पण सांगायचं काय? तुझ्या भिंतीवर फुली आहे, दुकान सोडून बाहेर ये? जन्मभर चिडवायला विषय मिळाला असता त्याला. पुसू मग, असं म्हणून त्याने त्या गोष्टीकडे कानाडोळा केला.

गुरुवारी ठकठक झाली नाही.

आडभिंतीच्या जागी विटांची भिंत होती. गिलावा केलेली, जुनी, हाताला गार लागणारी. सुतार धावत बाहेर गेला. रस्त्यावर त्याच्या कारखान्याला लागून कुलूपवाल्याचं दुकान होतं. मध्ये बोटभरही जागा नव्हती.

"ताई, शिंपी कुठे गेला?"

"कोण शिंपी?"

 ताईच्या अंगावर एप्रन होता, पुढे मोठ्या खिशाचा, शिंप्याने तिच्या साठाव्या वाढदिवसाला शिवून दिलेला. त्याने बोट दाखवलं. "हा कोणी शिवला?"

ताईने शिवण उलटून पाहिली, जरा वेळ बघत राहिली. "शिवला असेल कोणीतरी. कपडे काय झाडाला लागतात?" मग तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "लहान्या, तुला बरं वाटतंय ना?"

त्याला बरं वाटत नव्हतं. अंगठा ओला केला होता आपण, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. अंगठा ओला केला होता आणि पुसली नाही.

४

त्याच दुपारी तो हातपाय धुवायला गेला. शर्ट काढून खुंटीला अडकवला, तोंडावर पाणी मारलं आणि एकाएकी त्याला हलकं वाटलं. तो गुणगुणायलाही लागला. कसली काळजी होती सकाळपासून, ते आठवेना. अंग पुसून त्याने शर्ट घातला, गुण्या छातीला लागला आणि शिंपी परत आठवला. त्याचा चेहरा, त्याची ठकठक, सगळंच.

तो मुळात हिशेबी बुद्धीचा माणूस होता. दोन वेळा मोजल्याशिवाय एकदाही कापायचा नाही. त्याने खडूने टेबलावर मोठ्या अक्षरात 'शिंपी' लिहिलं, गुण्या त्या अक्षरांशेजारी ठेवला आणि तीन पावलं मागे गेला.

टेबलावर काहीतरी लिहिलं होतं. शिंपी. शिंप्याकडून काय आणायचं होतं बरं? आणि या गल्लीत शिंपी आहेच कुठे?

पुढे होऊन त्याने गुण्या उचलला आणि ती अक्षरं कोणासाठी लिहिली ते लख्ख आठवलं.

म्हणजे वेड लागलं नव्हतं. लागलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं. गुण्या नदीत फेकला तर तो मोकळा होणार होता, चार डबे आणि कुलूपवाल्याचा शेजार, यात सुखाने राहणार होता. पण मग फुली दिसली तरी तिचा अर्थ कोणाला कळणार होता? जे गेलं ते ठाऊकच नसलं तर पुढचं जाऊ नये म्हणून पहारा कसला द्यायचा? आणि मागच्या खोलीत ताई होती.

त्याने पकड घेतली आणि सुई मुळापासून मोडली. उरलेला खुंटही कानशीने घासून सपाट केला. सुईचा तुकडा काडेपेटीत घालून पेटी खिशात ठेवली. आता ओढ म्हणावं रेघ, कशाने ओढतोस ते बघू.

५

शुक्रवारी सकाळी दोघं आपापल्या खाटेवर बसून चहा पीत होती. खोलीच्या दोन भिंतींना दोन खाटा, मध्ये मोकळी फरशी. सुताराने कप खाली ठेवला आणि त्याला ती दिसली.

रेघ फरशीवर होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्याने आयुष्यात फरशीवर सुई चालवली नव्हती, चालली नसती. तरी रेघ होती, आणि जोडरेघच होती. काडेपेटी उघडून पाहिली तर तुकडा आतच. म्हणजे कोणीतरी तसंच हत्यार घेऊन, त्याच माप-खुणांनी, पलीकडच्या अंगाने काम करत होतं.

फुली ताईच्या पायाशी होती.

"ऊठ." तो कसाबसा म्हणाला. "ताई, इकडे ये. आत्ताच्या आत्ता."

"अरे, चहा—"

त्याने दंडाला धरून तिला आपल्या खाटेवर आणून बसवलं. खाली बघितलं. रेघ आता त्या दोघांच्या मध्ये होती, त्याच्या आणि तिच्या पावलांच्या मधून गेलेली, आणि फुली परत तिच्याच बाजूला. ती सरकताना दिसली नव्हती. तो ताईकडे बघत होता, तेवढ्यात सरकली होती. त्याने तिला कारखान्यात नेलं, मग रस्त्यावर नेलं. डांबरावरही ती दोघांच्या मध्ये होती. ताईची कंबर भरून आली तेव्हा ती परत येऊन टेकली आणि म्हणाली, "आता सांग काय ते. आणि लपवाछपवी नको."

त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझ्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे मलाच डॉक्टरकडे जावं लागेल."

त्याने खिशातून गुण्या काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

ताईचा हात एप्रनकडे गेला. शिवणीवरून बोटं फिरली आणि थांबली. "अरे देवा," ती पुटपुटली. "साठाव्या वाढदिवसाला दिला होता त्याने. खिसा मोठा ठेवलाय म्हणाला, भावालाही ठेवता येईल त्यात."

"कोणी?" सुताराने विचारलं.

 मग तिने घाईघाईने गुण्या त्याच्या हातात कोंबला. त्याच्या चेहऱ्यावर जे परत आलं ते तिने पाहिलं.

६

"बघत असलं की होत नाही," सुतार म्हणाला. "मी नजर हटवणार नाही."

"किती दिवस?"

 तो फरशीवर मांडी घालून बसला. डोळे चुरचुरायला लागले, खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली सरकलं. बाहेर कुलूपवाला कोणाशी तरी हुज्जत घालत होता. पापणी लवली की सुतार आधी ताई जागेवर आहे का ते बघायचा.

दुपार टळल्यावर त्याने मनाशी काय ते ठरवलं. रेघ पुसता येत नव्हती. फुली पेन्सिलची होती. त्याने अंगठा ओला केला, ताईच्या बाजूची फुली नीट पुसली, कानावरची पेन्सिल काढली आणि आपल्या बाजूला नवी फुली मारली. ती तशीच राहिली. रेघही हलली नाही. त्याला हायसं वाटलं.

"लहान्या, हे काय केलंस?"

"काम माझं आहे. फुली कुठे मारायची ते मी ठरवणार."

ताई चिडली नाही. तिने चिडायला हवं होतं. ती उठून त्याच्याजवळ आली, रेघेच्या आपल्या बाजूला खाली बसली आणि सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्याच्या केसांतून हात फिरवला. "बरं," ती म्हणाली. "दे तो गुण्या जरा. शिंप्याचा चेहरा एकदा नीट बघून घेते. माझ्यासाठी एवढं शिवलं म्हणे त्याने, आणि मी कोण शिंपी म्हणून विचारलं."

त्याने दिला. पेन्सिलही तिनेच त्याच्या बोटांतून काढून घेतली.

सुतार फरशीवर बसला होता. समोर रेघ होती, त्याच्या बाजूला फुली होती. त्याला भीती वाटत होती एवढं खरं, पण कशाची, ते कळेना. काहीतरी घडलं होतं म्हणून घाबरायचं होतं, आणि काय घडलं होतं तेच डोक्यातून निघून गेलं होतं. एवढा सुतार माणूस आणि रेघेला घाबरून बसलाय.

"बाहेर कोणी आलंय वाटतं," ताई म्हणाली. "बघ बरं."

तो उठला. दारापर्यंत गेला. कारखान्यात कोणी नव्हतं, रस्ता मोकळा होता. मागे ओला अंगठा फरशीवर घासल्याचा आवाज झाला. मग पेन्सिलचा, दोन फटकाऱ्यांत. हा आवाज त्याने जन्मभर ऐकला होता.

तो गर्रकन वळला.

रेघेपलीकडे खोली होती आणि नव्हती. ताईची खाट होती, खाटेमागे भिंत असायला हवी होती, तिथे आत आत सामान रचलेलं होतं. एका फळीचा तुकडा, त्याच्यावर तीन डबे. शिलाई मशीन. मशीनशी एक अनोळखी माणूस बसला होता, गळ्यात टेप घातलेला, हातातली लाकडी पट्टी कशावर तरी ठोकत होता, आणि ठोकल्याचा आवाज येत नव्हता. त्यांच्या अलीकडे, ताईच्या अगदी मागे, कोणीतरी ओणवं झालं होतं. एक डोळा मिटून ते रेघेवर नजर लावत होतं, सुतार स्वतः लावायचा तशीच. त्याच्या मुठीत पितळेचं काहीतरी चमकत होतं.

ताई सुताराकडे तोंड करून उभी होती. गुण्या तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"बघू नकोस, बाळा," ती म्हणाली. "जेवून घे वेळेवर."

त्याने तिच्याकडे झेप घेतली, झेपेत पापणी लवली, आणि हात भिंतीवर आपटले.

७

शनिवारी वाचनालयाच्या बाई आल्या तेव्हा सुतार कपाटाला पॉलिश मारत होता. दोन्ही तळहात त्याने फडक्याने बांधले होते. कशावर आपटले कोण जाणे, सकाळी उठला तेव्हा सुजलेले होते.

बाईंनी कपाटाच्या दारावर बोट फिरवलं. "हे डाग राहिलेत. मागच्या वेळचं टेबल तर आरशासारखं चमकत होतं."

"पॉलिश मला कधी जमलंच नाही, बाई," तो म्हणाला आणि त्याचा हात कपाटावरच थांबला. मग इतकी वर्षं कसं चाललं? त्याने आठवून पाहिलं. एकट्याने कारखाना, एकट्याने जेवण, मागे एका खाटेपुरती अरुंद खोली. आई गेली तेव्हा आपण सात वर्षांचे होतो हे त्याला ठाऊक होतं. त्यानंतर कोणी जेवू घातलं, याचा त्याने याआधी कधी विचारच केला नव्हता.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "ती वरची लांब फळी तेवढी बसवून टाका, म्हणजे सोमवारी न्यायला माणसं पाठवते."

फळी भिंतीशी आडवी ठेवली होती, चांगली बारा फूट लांब. सुतार एका टोकाशी वाकला, दुखऱ्या हातांनी ते टोक कमरेपर्यंत उचललं आणि म्हणाला, "ताई, उचल."

बाईंनी मागे वळून बघितलं. "कोणाला हाक मारलीत?"

सुताराने समोर बघितलं. दुसरं टोक जमिनीवरच होतं.

"कोणाला नाही," तो म्हणाला. "मला बहीण नाही."

"मग ठेवा खाली. मी धरते हवं तर दुसरीकडून."

"नको," तो म्हणाला. फडक्यातून रक्त यायला लागलं होतं, तरी त्याने आपलं टोक खाली ठेवलं नाही. "थांबा जरा. कंबर दुखते तिची, वेळ लागतो."

आणि तो तसाच उभा राहिला, दुसऱ्या टोकाकडे बघत.